हवा काय म्हणते?

बरेच दिवस झाले इथे काही लिहून. पुण्याच्या भाचीचा दोनदा फोन येऊन गेला, "मामा, लिहिणं बंद केलंत की काय?" बंद नाही केलं गं. एक गोष्ट लिहायची होती आणि ती लिहावी की नको हेच ठरत नव्हतं. कारण तिच्यात चूक माझी आहे. पण ज्याच्या बाबतीत ती झाली त्यानेच मागच्या आठवड्यात "लिहा की, त्यात काय एवढं" असं म्हटलं, म्हणून बसलो लिहायला. अट एकच घातली आहे, नाव टाकायचं नाही. ते ऐकून बाकीच्या दोघांनीही लगेच तीच अट घातली. (त्यांची नावं टाकायची म्हणून कोण अडून बसलं होतं कोण जाणे!) तर मंडळी, आम्ही चौघं. एक गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले आणि माझे चौथीपासूनचे वर्गमित्र. एक भाई, सायकलचं दुकान आहे, आता पोरगा बघतो. एक बापू, शेतकरी. आणि चौथा मी, ज्याला हे तिघंही "साहेब" म्हणतात, कारण मी बँकेत होतो. गुरुजी "साहेब" म्हणताना तोंड वाकडं करतो, ते लिहिण्यात दिसत नाही.

रोज सकाळी कृषी विद्यापीठाच्या आवारात एक चक्कर आणि मग गेटजवळच्या टपरीवर चहा, हा आमचा गेल्या सहा-सात वर्षांचा कार्यक्रम. चक्कर अर्ध्या तासाची आणि चहा तासाभराचा! बाहेरगावच्या माणसाला सांगायला हवं, हे विद्यापीठ 1972 सालचं, 2013 मध्ये त्याला वसंतराव नाईकांचं नाव दिलं गेलं. आम्ही अजूनही "विद्यापीठ" एवढंच म्हणतो, गावात दुसरं आहे कुठे. भेंडीचं 'परभणी क्रांती' हे वाण इथलं. भेंडी केवड्याने पिवळी पडायची तेव्हा या वाणाने तग धरला आणि आमच्या गावाचं नाव बियाण्याच्या पाकिटावर बसून देशभर हिंडून आलं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण कुठून आली ते विचारू नका. भाईचं म्हणणं असं की कुणीतरी चेष्टेत म्हटलं असेल आणि आम्ही खरं धरलं. गुरुजींना हे अजिबात पटत नाही.

आता टपरीवर आम्ही बोलतो काय? खरं सांगायचं तर काहीही नाही. घरी बायको विचारते, "एवढा वेळ काय बोलत असता हो?" आणि मला एक वाक्य आठवत नाही. नळ आला का? (आमच्याकडे नळ येणं ही रोजची गोष्ट नाही, सणासारखी आहे, त्यामुळे हा प्रश्न रोज विचारावा लागतो.) काल काय खाल्लं? गुडघा कसा आहे? पोरं कुठे आहेत, म्हणजे पुण्यात कुठे आहेत, कारण पोरं पुण्यातच असतात. आणि मग सगळ्यात मोठा विषय, हवा. बसताबसता गुरुजी विचारणार, "काय बापू, हवा काय म्हणते?" आणि बापू वर बघून काहीतरी सांगणार. हे इतक्या वेळा झालं आहे की टपरीवाला मामा बापूंचं उत्तर येईपर्यंत चहा गाळत नाही.

परभणीच्या माणसाला हवेवर बोलायला भरपूर आहे. मे महिन्यात डांबर पायाला चिकटतं आणि डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकड्यावर येतो, एखाद्या वर्षी मराठवाड्यात सगळ्यात खाली आमचाच. पेपरात परभणीचे आकडे दोन येतात, एक हवामान खात्याचा आणि एक विद्यापीठाचा. विद्यापीठाचा थंडीत नेहमी थोडा खाली असतो, कारण तिथे सगळी मोकळी शेतं. यावर आमची वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत. गुरुजी हवामान खात्याच्या बाजूचे. भाई विद्यापीठाच्या, कारण "अपन यहाँच बैठते ना, तो यहाँ का नंबर सही!" शिवाय आमच्याच जिल्ह्यातले, सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे पंजाबराव डख. त्यांचे अंदाज व्हॉट्सअपवर घरोघरी गेले, 2024 मध्ये ते परभणीतून लोकसभेलाही उभे राहिले. निवडून आले नाहीत, पण ज्या जिल्ह्यात हवा सांगणारा माणूस लोकसभेला उभा राहतो त्या जिल्ह्यात सकाळी चहावर दुसरं काय बोलणार?

दुसरा विषय, खाणं. आमच्यातले खाण्याचे खरे दर्दी भाई. ते शेंगोळ्यांचं वर्णन करायला लागले की समोरच्याने नाश्ता केलेला असला तरी उपयोग नाही. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे, वर कच्चं तेल, बाजूला कांदा फोडून. आमच्या घरून कधी धपाटे जातात, गुरुजींच्या घरून येसराची आमटी डब्यातून येते. भाईंच्या घरच्या ईदच्या शीरखुर्म्याचा हिशोब तर गुरुजी आदल्या महिन्यापासून लावतात. बापू काही आणत नसत, पण हिवाळ्यात हुरडा त्यांचाच. गूळभेंडी श्रेष्ठ की कुचकुची यावर आमच्याकडे वाद होतात. आता विद्यापीठाने हुरड्यासाठी म्हणून 'परभणी वसंत' नावाचं वाण काढलं आहे, ते आल्यापासून वाद तिरंगी झाला आहे.

आणि तिसरा विषय, प्रवास. म्हणजे न केलेला प्रवास.

याचं मूळ सचखंड एक्सप्रेसमध्ये आहे. नांदेडहून निघते, सकाळी दहा-साडेदहाच्या सुमाराला परभणीला येते आणि सरळ अमृतसरला जाते. मनमाड, भुसावळ, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, अंबाला, लुधियाना, जालंधर... दोन हजारांहून जास्त किलोमीटर. लहानपणी आमच्या स्टेशनावरून छोटी लाइन होती, मुंबईला जायचं तर मनमाडला उतरून गाडी बदलायची, सामान डोक्यावर, आई पुढे, आम्ही मागे. नव्वदच्या दशकात रुंद रूळ आले आणि मग ही गाडी. परभणीच्या फलाटावर उभं राहून एका पायरीत पंजाबात जाता येतं ही गोष्ट आमच्या पिढीला अजून पूर्ण खरी वाटत नाही. आणि त्या गाडीची दुसरी मजा म्हणजे लंगर. नांदेडला गुरू गोविंदसिंगांचं शेवटचं स्थान, 1708 सालचं, आणि अमृतसरला सुवर्णमंदिर. दोन्हीकडे जाणारे-येणारे यात्रेकरू, त्यामुळे वाटेतल्या काही स्टेशनांवर शीख मंडळी सगळ्या प्रवाशांना फुकट जेवायला घालतात. परभणी त्यांतलं एक. कढी-चावल, दाल, छोले, बटाट्याची भाजी, जे असेल ते. लोक खिडकीतून डबे आणि ताटल्या बाहेर काढतात. मी मुलीला सोडायला गेलो होतो तेव्हा हे पहिल्यांदा नीट पाहिलं. जनरलच्या डब्यातला माणूस आणि एसीतला माणूस, दोघंही डबा पुढे करून उभे.

मी हे टपरीवर सांगितलं आणि त्या दिवशी ठरलं, चौघांनी अमृतसरला जायचं. ते साल 2019. मग करोना आला. मग भाईंची बायपास झाली. मग गुरुजींच्या घरी लग्न. मग बापूंचं ऊस तोडीचं लांबलं. दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी राहायचं, आणि खरं सांगतो, राहिल्याचं दुःख कुणालाही नव्हतं. ठरवण्यातच निम्मी मजा होती. कुठली बर्थ कुणाची हे ठरलेलं. भाई खालची, बायपासवाला माणूस. गुरुजी खिडकी, कारण स्टेशनांची नावं मोठ्याने वाचायची त्यांना सवय आहे. पंजाबात थंडीत जायचं की उन्हाळ्यात यावर तर दोन हिवाळे गेले. ज्येष्ठ नागरिकांची सवलत होती तेव्हा, पुरुषांना साठीनंतर 40 टक्के, बायकांना अठ्ठावन्ननंतर 50. मार्च 2020 मध्ये ती बंद झाली आणि परत काही आली नाही. गुरुजींची साठी बरोबर त्याच सुमाराला भरली, हा त्यांच्या आयुष्यातला मोठा अन्याय आहे आणि ते तो महिन्यातून एकदा तरी मांडतात.

असो. लांबण लावतोय खरा. कारण पुढचं लिहायला जीभ, म्हणजे बोट, अडखळतंय.

सप्टेंबर 2025. मराठवाड्यात जो पाऊस झाला तो तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. आमच्याकडे 2024 च्या सप्टेंबरातही पहिल्या दोन दिवसांत असाच झोडपला होता, पण हा थांबेचना. महिन्याच्या शेवटी जायकवाडीतून गोदावरीत प्रचंड पाणी सोडलं, काठची गावं पाण्यात. इकडे शहरात आमची चक्कर बंद, टपरी बंद, दिवसभर घरात बसून नुसता आवाज ऐकायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी बायकोने कांदाभजी केली. गॅलरीत खुर्ची टाकलेली, समोर कडुलिंब न्हाऊन निघालेला, वाफा येणारी प्लेट. मी फोटो काढला. आमच्या चौघांचा व्हॉट्सअपवर ग्रुप आहे, त्यावर टाकला आणि खाली लिहिलं, "परभणीचं महाबळेश्वर झालंय! बापू, हवा काय म्हणते? पाऊस असाच राहू द्या, भजी मी पुरवतो."

गुरुजींनी हसरा चेहरा टाकला. भाईंनी लिहिलं, "आधा प्लेट इधर भी." बापूंकडून काही नाही. निळ्या खुणा मात्र दोन. त्यांनी वाचलं होतं.

बापू शहरात राहतात, पोरांच्या शिक्षणासाठी आले आणि मग राहूनच गेले. शेत पूर्णा तालुक्यात, नदीपासून फार लांब नाही. पाच एकर सोयाबीन होतं, बाकी कापूस आणि थोडी तूर. जूनमध्ये पेरलेलं सोयाबीन सप्टेंबरच्या शेवटी काढणीला येतं, म्हणजे मी भज्यांचा फोटो टाकला तेव्हा बापूंचं सोयाबीन शेंगेत भरलेलं, गुडघाभर पाण्यात उभं होतं. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं की! मी बँकेत तीस वर्षांवर काढली, त्यातली निम्मी पीककर्जाच्या टेबलावर. कुठल्या महिन्यात कुठलं पीक कुठल्या अवस्थेत असतं हे मला पाठ आहे. अतिवृष्टीच्या वर्षी कर्जाचं पुनर्गठन कसं करायचं याची परिपत्रकं मी स्वतः फाइलला लावली आहेत. सगळं माहीत होतं आणि तरी त्या दिवशी गॅलरीत बसून मला ते सुचलं नाही. त्या पावसात मला फक्त माझा कडुलिंब दिसला.

पाऊस थांबला, टपरी उघडली, आम्ही तिघं जमायला लागलो. बापू नाहीत. पहिले दोन दिवस "असतील शेतात" म्हणून गेले. मग दसरा झाला. फोन केला तर उचलत, "हाव, चाललंय" म्हणत आणि ठेवत. आणि आमच्या गप्पांचं काय झालं माहितेय? बसल्यावर गुरुजी सवयीने म्हणाले, "हवा काय..." आणि थांबले. वर बघून सांगणारं कुणी नव्हतं. मामाने चहा मुकाट्याने गाळला.

आठव्या की नवव्या दिवशी गुरुजी मला घरी सोडायला आले, वाटेत म्हणाले, "तुला एक सांगू का? त्या दिवशी तू फोटो टाकलास ना, त्या दिवशी सकाळी बापूंच्या नदीकडच्या दीड एकराची माती गेली. पीक नाही, माती. खरडून. मला त्यांच्या पोराने सांगितलं."

मी म्हटलं, "तू हसरा चेहरा टाकला होतास."

"हो," गुरुजी म्हणाले, "म्हणूनच तर इतके दिवस बोललो नाही."

ती रात्र काही बरी गेली नाही. फोटो डिलीट करायला मोबाइल हातात घेतला, पण इतक्या दिवसांनी तो सगळ्यांसाठी डिलीट होत नव्हता. फक्त माझ्याकडचा गेला असता. म्हणजे मला दिसला नसता आणि बापूंना दिसत राहिला असता. मग ठेवला तसाच.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं गुरुजींच्या गाडीतून बापूंच्या गावाला गेलो. रस्ता जागोजागी उखडलेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन उभंच, पण काळं पडलेलं, आणि जवळून पाहिलं तर शेंगेतच दाण्याला कोंब. हे दृश्य मी कागदावर कितीदा वाचलं होतं, 'पिकाची अवस्था' या रकान्यात. बापू बांधावर होते. आम्हाला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं असेल तर दाखवलं नाही. "या," म्हणाले, "चिखल लई हाय, चपला काढूनच या." रिटायर्ड साहेब, रिटायर्ड गुरुजी आणि बायपासवाले भाई, तिघं हातात चपला धरून बापूंच्या मागून चाललो.

नदीकडचा तुकडा बघितला. मी जमिनीवर काही लिहिणार नाही. वरची काळी माती गेली की खाली जे उरतं ते मुरमाड, दगडगोटे, ते शेत दिसतच नाही. बापू म्हणाले, "आज्याने बैलगाडीनं गाळ आणून टाकला होता इथं. तळ्यातला. तीन उन्हाळे." एवढंच. सरकारचं 31,628 कोटींचं पॅकेज नुकतंच जाहीर झालं होतं, त्यात खरडून गेलेल्या जमिनीचाही समावेश होता. मी त्याबद्दल काही माहिती सांगायला लागलो. पंचनामा, सातबारा, आधार, खातं. बापू ऐकत होते, आणि मला बोलता बोलता कळलं की मी पुन्हा टेबलापलीकडे जाऊन बसलोय. मग गप्प झालो.

आखाड्यावर वहिनींनी चहा केला. कोराच होता, वर गवती चहाची पात. मी धीर केला. म्हटलं, "बापू, तो भज्यांचा फोटो... मी मूर्खासारखं टाकलं ते. माझं चुकलं."

बापू कपाकडे बघत होते. म्हणाले, "कशाचे होते?"

"काय?"

"भजे."

"कांद्याचे."

"मग बरोबर हाय. पावसात कांद्याचेच चांगले."

भाई हसले, गुरुजीही हसले. मी हसलो नाही, आणि बापूही हसले नाहीत. त्यांनी मला माफ केलं की विषय टाळला हे मला तेव्हा कळलं नाही, आणि खरं सांगतो, आजही नक्की सांगता येत नाही. निघताना वहिनींनी भाईंच्या हातात तुरीच्या ओल्या शेंगा नाहीत म्हणून वांगी दिली, चार घरांची मिळून. "पाण्यातनं हेवढी वाचलीत," म्हणाल्या. त्या वांग्यांची भाजी माझ्या घशाखाली उतरायला जड गेली. बायको म्हणाली, तिखट झालीय का?

दिवाळीनंतर बापू टपरीवर यायला लागले. रोज नाही, आठवड्यातून दोनदा. रब्बीची घाई होती, वापसा आला की लगेच पेरायचं. सोयाबीनचं जे हाती लागलं त्याचा भाव काय मिळाला ते मी विचारलं नाही. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव 5,328 रुपये होता आणि डागी मालाला तो मिळत नाही, एवढं मला विचारल्याशिवाय माहीत आहे. ग्रुपवर आम्ही हवेचे फोटो टाकणं बंद केलं होतं. कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप बंद झालं. टपरीवर गुरुजी हवेचं विचारीनात. आम्ही तिघं इतके जपून बोलायला लागलो की गप्पांत दम राहिला नाही. नळ, गुडघा, पोरं. जेवणाचं बोलायलाही चोरी, कारण खाण्यावरून पीक आठवतं आणि पिकावरून पाणी.

एका सकाळी मरणाची थंडी होती. भाई दोन स्वेटर आणि कानटोपी घालून आलेले. बराच वेळ कुणी बोलेना तेव्हा बापूच म्हणाले, "काय गुरुजी, मुके झालाव काय? कुणी हवा बी इचारीना. म्या मेलो काय?"

गुरुजी गडबडले. म्हणाले, "तसं नाही बापू, म्हटलं उगाच..."

"उगाच काय? थंडी चांगली पडायलीय. हरभऱ्याला चांगली, ज्वारीला चांगली. हे कुणाला सांगू? इचारा की."

गुरुजींनी विचारलं. बापूंनी वर पाहिलं आणि सांगितलं. भाईंनी लगेच विद्यापीठाचा आकडा काढला, गुरुजींनी हवामान खात्याचा काढला, आणि इतक्या आठवड्यांनी टपरीवर भांडण झालं. मामाने त्या दिवशी चहाचे पैसे घेतले नाहीत. (दुसऱ्या दिवशी घेतले, दोन्ही दिवसांचे.)

आता अमृतसरचं. मध्ये एक भानगड आम्ही करून ठेवली होती. गुरुजी आणि भाई यांनी गुपचूप ठरवलं की या वर्षी जायचंच, आणि बापूंचं तिकीट तिघांनी मिळून काढायचं, त्यांना सांगायचं नाही, कळल्यावर बघू. मीही हो म्हटलं. मला वाटलं, निदान एवढं तरी. पण भाईंच्या पोटात काही राहत नाही. ते एकदा बोलून गेले आणि बापू असे भडकले की आम्ही त्यांना कधी तसं पाहिलंच नव्हतं. "माझ्यासाठी वर्गणी करायलाव काय तुम्ही? गणपती हाय काय म्या?" आणि चहा अर्धा ठेवून उठून गेले. भाई दिवसभर अस्वस्थ. मला संध्याकाळी फोन, "साहब, अपन ने तो अच्छे के लिए सोचा था ना?" मी म्हटलं, भाई, भजीसुद्धा मी चांगल्यासाठीच पाठवली होती.

तीन दिवस बापू आले नाहीत. चौथ्या दिवशी ग्रुपवर त्यांचा मेसेज. बापू कधी लिहीत नाहीत, पोराकडून लिहून घेतला असणार, कारण त्यात एकही चूक नव्हती. "रविवारी हुरडा आहे. सर्वांनी यावे. घरच्या मंडळींना आणावे."

तो फेब्रुवारीचा पहिला रविवार. शहरात उर्साची धांदल, तुराबुल हक साहेबांच्या दर्ग्याकडच्या रस्त्यावर दुकानांच्या रांगा लागायला सुरुवात झाली होती, पाळण्यांचे सांगाडे उभे राहत होते. आम्ही दोन गाड्या भरून गेलो. ज्वारी उशिराची, दिवाळीनंतर पेरलेली, त्यामुळे हुरडाही उशिराच. गोवऱ्यांची आगटी पेटलेली, बापूंचा पोरगा कणसं भाजून देतोय, बापू स्वतः हातावर चोळून काढताहेत. तळहात लाल. गूळ, तिळाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, दही, बोरं, आणि भरीत त्याच वांग्यांच्या झाडांचं. माझ्या बायकोने घरून कांदाभजी नेली होती, मला न सांगता! डबा उघडला तेव्हा मी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की विचारू नका. बापूंनी दोन उचलली, खाल्ली, म्हणाले, "वहिनी, पाऊस न्हाई, पण चांगले झालेत."

नदीकडच्या तुकड्याकडे मी एकटा जाऊन आलो. तसाच आहे. कडेला ट्रॅक्टरच्या दोन खेपा गाळ टाकलेला दिसला. दीड एकराला दोन खेपा म्हणजे काय हे हिशोब करणाऱ्याला कळेल. मी केला हिशोब आणि कुणाला सांगितला नाही.

परत आलो तर तिकिटाचा विषय निघालेला. बापूंनी कोपरीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या नोटा काढल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. "मोजा साहेब. तुम्ही बँकेतले." मी मोजल्या. स्लीपरचं जाण्या-येण्याचं बरोबर होतं, पोराकडून मोबाइलवर बघून घेतलेलं. गुरुजी म्हणाले, "अरे पण आपलं थर्ड एसीचं ठरलं होतं ना, भाईंच्या तब्येतीसाठी?"

"तुम्ही जा एसीत," बापू म्हणाले. "मला खिडकी उघडी लागते. बाहेर कुठं काय पेरलंय ते बघायचंय. पंजाबचा गहू कापणीला आला असंल तवा."

मग बराच वेळ चर्चा. शेवटी चौघांचंही स्लीपर ठरलं, भाईंची खालची बर्थ मात्र पक्की. तारीख एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली, हरभरा निघाल्यावरची. आता आरक्षण साठच दिवस आधी मिळतं, पूर्वी एकशेवीस होते, त्यामुळे आगटी विझायच्या आधीच मी मोबाइलवर बसलो. रेंज एका बाभळीखालीच येत होती. तिघांचं कन्फर्म मिळालं आणि एक वेटिंग, सात नंबर. कुणाचं वेटिंग ते मी अजून सांगितलेलं नाही. माझंच टाकलंय.

जेवणाची काळजी नाही, वाटेत लंगर आहेच. पण ताटल्या आपल्याच लागतात. बापूंच्या वहिनींनी स्टीलचे चार डबे काढून दिले आहेत आणि प्रत्येकाच्या तळाला खिळ्याने खूण केली आहे. "जाताना चार न्यायलाव," म्हणाल्या, "येताना चार मोजून आणा."